काळी वाळू, जाड रव्याएवढी

माझ्या वहीत त्या पानावर आधी 'पांढरी' असं लिहिलं आहे. पुढे तीन कारणं: किनाऱ्यासारखी दिसते, पाण्यात हळूहळू विरघळून पोवळ्यांना वाढायला लागणारा चुना सोडते, दुकानात तयार मिळते. मग या सगळ्यावर एक आडवी रेघ आहे आणि खाली 'काळी'. काळीपुढे कारण एकच लिहिलं आहे: ह्यांना दिसेल.

मी सांगलीत एका रुग्णालयाचं भांडार सांभाळते. सलाईनच्या बाटल्या, हातमोजे, सुया, कापूस. काय आलं, काय गेलं, काय संपत आलं. वीस वर्षं हेच केल्यावर घरातही यादीशिवाय चालत नाही. लग्नाला निघायचं असो की गहू दळायला द्यायचे असोत, मी आधी वही उघडते. आमचे हे चेष्टा करतात. "मी गेलो तर तू आधी यादी करशील आणि मग रडशील," म्हणतात. मी सांगते, यादी तयार आहे.

हे मूळचे वडूजकडचे. त्या भागात पोहायला शिकायचं तर आधी विहिरीला पाणी यायची वाट बघावी लागते. गावातली निम्मी घरं फौजेतली, पण सगळी जमिनीवरच्या फौजेतली. हे एकटेच नौदलात गेले, आणि तिथे पाणबुड्या झाले. जहाजाच्या तळाशी जाऊन काम करायचं. त्या नोकरीत त्यांनी बेटांजवळची पोवळी पाहिली. सुट्टीवर आले की त्याबद्दल सांगायचे. फार नाही, एखादं वाक्य. "खाली बाग असते, पण माळी नसतो," असं एकदा म्हणाले होते. पुढे निवृत्त झाले, इस्लामपूरकडे एका साखर कारखान्यात सुरक्षा विभागात लागले, आणि तिथेच एक दिवस गेटवरच्या ट्रकचा नंबर त्यांना वाचता येईना.

मिरजेच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता, दोन्हीकडचा. कडेचं दिसत राहील, समोरचं पुसट होत जाईल. इंजेक्शनं देऊ, वेग कमी होईल. "आता जे दिसतंय ते पुढच्या वर्षी एवढंच दिसेल असं मी सांगू शकत नाही," ते म्हणाले. मला त्यांचं हे सरळ बोलणं आवडलं. काय हातात आहे ते कळलं की पुढचं ठरवता येतं.

परत येताना गाडी मी चालवत होते. विश्रामबागच्या जरा अलीकडे हे म्हणाले, "पोवळी परत एकदा बघायला पाहिजे होती." पाहिजेत असं नाही, पाहिजे होती. म्हणजे विषय त्यांच्या बाजूने संपलेला. तीस वर्षांच्या संसारात या माणसाने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. घरी आल्यावर वही उघडली.

बेटांवर जायचा पर्याय पहिल्याच दिवशी खोडला. पाण्याखाली उतरायला डॉक्टरांची परवानगी नव्हती, आणि नावेतून वाकून यांना काही दिसलं नसतं. उरली घरातली खाऱ्या पाण्याची टाकी.

दुकान माधवनगरच्या रस्त्याला. मालक पन्नाशीचे, पूर्वी यंत्रमागावर काम केलेले. हजार धाग्यांत तुटलेला एक धागा शोधायची सवय त्यांना आता माशांचा आजार ओळखायला उपयोगी पडते. आमचं म्हणणं ऐकून त्यांनी स्टूल पुढे केलं.

"मॅडम, गोड्या पाण्याची टाकी म्हणजे मांजर पाळणं. खाऱ्या पाण्याची म्हणजे जावई घरी राहायला आणणं. सगळं वेळेवर, सगळं गरम-गार बघून, आणि तरी रुसायची भीती कायम."

"आम्हाला मुलगी नाही," मी म्हटलं. "जावयाची हौस राहिलीय. सांगा काय काय लागतं."

त्यांनी सांगितलं, मी लिहून घेतलं. शुद्ध केलेलं पाणी, त्यात मोजून घालायचं समुद्री मीठ. समुद्रातून आलेले सच्छिद्र दगड, ज्यांवर पोवळी धरतात. दिवा, पंप. आपल्याकडचा एप्रिल-मे, म्हणून पाण्यावर वारा घालणारे पंखे. वीज गेली तर पंपापुरता इन्व्हर्टर. औषधांत तांबं असेल ते टाकीच्या जवळपाससुद्धा आणायचं नाही. माशांच्या काही औषधांत ते असतं आणि पोवळी, गोगलगायी, झिंगे त्याने मरतात. याखाली मी दोन रेघा मारल्या. आणि तळाला वाळू.

"वाळू पांढरीच घ्या," ते म्हणाले. त्यांनी दुकानातली टाकी दाखवली, पांढऱ्या वाळूची. खरोखर सुंदर होती. दिवा वरून पडत होता आणि तळ चमकत होता. मी वहीत 'पांढरी' लिहिलं.

हे टाकीपुढे बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "तो निळा छान आहे. एका जागी किती शांत थांबलाय."

मालकांनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी मिटलं. तो निळा म्हणजे पंपाचं बटण होतं.

रस्त्यावर आल्यावर मी विचारलं, "खरं सांगा, काय दिसलं?"

"खालून ट्यूबलाइट लावल्यासारखं. त्यात काहीतरी हलतं." आणि लगेच, "पण छान आहे गं. घेऊ आपण."

हे 'छान आहे' मला ओळखीचं आहे. भाजीत मीठ विसरलं तरी तेच येतं.

त्या संध्याकाळी मी नेहमीसारखी ताटं घेतली. माझं स्टीलचं, यांचं काळं. सहा महिन्यांपूर्वी हे स्टीलच्या ताटात भात चाचपडायला लागले तेव्हा बाजारातून मी काळं ताट आणलं होतं. त्यात भात, दही, खोबरं यांना बरोबर सापडतं. मी भात वाढला आणि डाव हातात तसाच राहिला. जेवणाला काळं ताट द्यायचं मला कळतं, आणि मासे मात्र पांढऱ्या वाळूवर वाढणार होते. जेवण झाल्यावर पानावर रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन काळी मागितली. मालक म्हणाले, "काळ्या वाळूचे दोष सांगू का? नंतर म्हणाल, सांगितलं नाही."

"दोषच सांगा. गुण मला माहीत आहे."

त्यांनी बोटं मोजली. काळ्यावर घाण दिसते, माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, प्रत्येक कण. काळी वाळू चुना सोडत नाही, तो आपल्याला वरून द्यावा लागतो, आठवड्याला मोजून. बऱ्याच काळ्या वाळूत लोखंड असतं; काच आतून पुसायला लोहचुंबकाचा घासणा वापरतात, त्याला ते कण चिकटतात आणि काचेवर चरे पडतात. गोल्डफिशसाठी त्यांच्याकडे काळी खडी होती, पण ती रंगवलेली. खाऱ्या पाण्यात रंग सोडेल. नैसर्गिक काळी, समुद्री टाकीसाठीची, पिशवीबंद येते ती मागवावी लागेल. पाच-सहा आठवडे.

"दाणा केवढा?" मी विचारलं.

"बारीक नको, पंपाने उडते. जाड नको, फटीत घाण अडकते."

"जाड रव्याएवढी?"

"बरोब्बर जाड रव्याएवढी." ते हसले. "हे माप मी आता सगळ्यांना सांगणार."

या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत. पांढऱ्या वाळूची पोती त्यांच्या मागच्या खोलीत पडून होती. त्यांना ती विकता आली असती, आणि मी विकत घेतलीही असती.

फक्त पाच-सहा आठवडे मला खटकत होते. वाळू घातल्यावर टाकी मुरायला आणखी सहा. मग मासे, मग पोवळी. डॉक्टरांचं वर्ष त्याच वहीत दुसऱ्या पानावर होतं. तरी मागणी नोंदवायची ठरवून घरी आले आणि ह्यांना सांगितलं. रात्रीपर्यंत हे ती बातमी फोनवरून आपल्या भावाला सांगून मोकळे झाले होते.

धाकटे दीर गावी शेती बघतात. थोडी द्राक्षबाग, बाकी ज्वारी. रविवारी सकाळी एक टेम्पो दारात थांबला.

"वैनी, दार सगळं उघडा. समुद्र आलाय!"

दोन पोती. ओल्या गोणपाटाचा वास. मी म्हटलं, "भावजी, हे काय?"

"काळी वाळू. दादानं फोनवर सांगितलं न्हवं, काळीच पायजे म्हणून? आवं, सहा आठवडं कशाला थांबताय? आपल्या वड्याला काय कमी हाय व्हय?"

त्यांनी पोतं सोडलं. काळी, स्वच्छ, एकसारख्या दाण्याची वाळू. गिलाव्याला चाळतात तशी तीनदा चाळलेली, धुतलेली, ताडपत्रीवर वाळवलेली. "शेवटची चाळण घरातली रव्याची वापरली," ते म्हणाले, "तवापास्नं बायको बोलंना झालीया."

ह्यांनी गुडघ्यावर बसून दोन्ही हात पोत्यात घातले. "वड्याची? कुठनं काढलीस?"

"शाळंच्या वळणावरनं. तू जिथं बुडायला शिकलास."

"पोहायला."

"आधी बुडायलाच. पवायला लय मागनं शिकलास."

दोघं भाऊ दारात बसून हसत होते आणि ती वाळू यांच्या बोटांतून गळत होती. दाणा अगदी मला हवा होता तेवढाच होता. मला ती वाळू हवी होती, हे इथे लिहून ठेवते. वेळ वाचत होता, आणि यांच्या समुद्राला यांच्याच ओढ्याचा तळ मिळत होता.

दुकानाच्या मालकांना फोन केला. ते म्हणाले, आधी चुंबक फिरवा.

आमच्या मागच्या गल्लीत मिरची आणि हळदीचं कांडप आहे. ते चालवणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या. हळदीच्या पोत्यात खिळे, तारा काय वाट्टेल ते येतं, म्हणून यंत्राच्या तोंडाशी विटेएवढा चुंबक बसवलेला असतो. मी आणि दीर एक घमेलं वाळू घेऊन गेलो.

"यंत्रात वाळू घालायची न्हाई हां ताई," बाईंनी आधीच सांगितलं. "उद्या चटणी कचकचली तर गिऱ्हाईक माझं नाव काढंल." पण त्यांनी यंत्र बंद ठेवलं, चुंबक काढला, फडक्यात गुंडाळून दिला. आम्ही घमेल्यावरून फिरवला. वर काढला तेव्हा त्याला काळी दाढी आली होती.

"ही वाळू हाय का लोहाराचं अंगण?" बाई म्हणाल्या.

"आमच्या वड्याला ताकद हाय," दीर म्हणाले.

"मग वड्यालाच ठिवायची हुती की ती."

तरी चुंबक त्यांनी दोन दिवस घरी नेऊ दिला. कांडपाची गर्दी तेव्हा कमी होती असं त्या म्हणाल्या. मला नंतर कळलं की त्यांनी दोन गिऱ्हाइकं परत पाठवली होती. दीर राहिले. अंगणात ताडपत्री टाकून वाळू पातळ पसरायची, चुंबक कागदात गुंडाळून त्यावरून ओढायचा, दूर नेऊन कागद काढायचा, लोखंड डब्यात पडायचं. कागद बदलायचं काम ह्यांचं. दोन दिवस हेच. दोघांच्या गप्पा मला स्वयंपाकघरात ऐकू यायच्या. गावातलं कोण कुठे आहे, कोणाची विहीर आटली, शाळेत कोणी कोणाला मारलं. यांचा आवाज मला कितीतरी महिन्यांनी तसा मोकळा ऐकू आला. पुढे जे झालं ते झालं, पण त्या दोन दिवसांसाठी मी त्या वाळूची कायम आभारी आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी वही काढली. भांडारात कुठलाही माल आत घेताना आम्ही चार प्रश्न विचारतो: कुठून आला, कशातून आला, कशाने साफ केला, मध्ये कुठे ठेवला होता. कोणी कितीही ओळखीचा असो. ते प्रश्न मी दिरांना विचारले नव्हते. घरचा माणूस एवढ्या हौसेने पोती घेऊन आला, त्याला काय विचारायचं, असं वाटलं. आता फक्त पान पूर्ण करायचं म्हणून विचारलं.

"भावजी, धुतली कशात?"

"टाकीत."

"कसल्या टाकीत?"

"फवारणीच्या. पाचशे लिटरची हाय, लय झ्याक. एका दमात एक पोतं बसतं."

"फवारणी कशाची?"

"द्राक्षाची. बोर्डो कालवतो की तिच्यात."

आमच्या भागात हे कोणालाही माहीत असतं. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचूद म्हणजे तांबं. माझ्याच वहीत, दोन रेघांच्या वर.

"टाकी आदी तीनदा खंगाळली हुती," दीर म्हणाले. माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. "का हो वैनी?"

"संध्याकाळी सांगते," मी म्हटलं. वाटीभर वाळू खाऱ्या पाण्यात भिजवली, दिवसभर ठेवली, संध्याकाळी ते पाणी घेऊन दुकानात गेले. मालकांनी नळीत तांबं तपासायचे थेंब टाकले. पाण्याने रंग धरला. फार गडद नाही, पण धरला.

"आणखी धुतली तर?" मी विचारलं.

"जाईलही. पण गेलं की नाही हे मासे आणि पोवळी टाकल्यावर कळणार. मी माझ्या टाकीत घालणार नाही."

घरी येऊन मी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं. हे म्हणाले, "मी सांगतो त्याला. तू सांगू नकोस." अंगणात गेले. मी दाराशी थांबले.

दीर ऐकून घेत होते. मग म्हणाले, "म्हंजी माझ्या हातानं तुझं सगळं मासं मेलं असतं."

"मेलं कोण? एक बी मासा आणला न्हाई अजून."

"दोन दिस तुला बी कामाला लावलं."

"लावलंस. आन् मला बरं वाटलं. कागद मला दिसत हुता रं. काळ्यावर पांढरा कागद. दोन दिसात येकदा बी चुकलो न्हाई."

दीर म्हणाले, "समुद्राचं बी लय नखरं असत्यात." आमच्या गाडी लावायच्या जागेतल्या फरश्या हलत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी त्या एकेक उचलल्या, खाली ती वाळू भरली, परत बसवल्या. आम्ही सांगितलं नव्हतं. जेवायला थांबले नाहीत. संध्याकाळच्या एसटीने गेले. त्यांना रिकाम्या हाताने जाताना बघून मला वाईट वाटलं. प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला असता तर एवढं झालं नसतं. पण पहिल्या दिवशी विचारला असता तर ते दोन दिवसही झाले नसते. दोन्हींपैकी कुठलं बरं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि असं माझ्या वहीत फार कमी आहे.

मागणी दिली. आठवडे गेले. मधल्या काळात एक इंजेक्शन झालं. टाकी जागेवर ठेवली, उन्हापासून दूर, ह्यांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर. इन्व्हर्टर जोडला, पंखे लावले. सातव्या आठवड्यात पिशव्या आल्या. मी वाळू नव्या बादलीत, शुद्ध पाण्यात धुतली. टाकीत घालायच्या आधी थोडी घेऊन कांडपाच्या बाईंकडे गेले. चुंबक फिरवला. रिकामाच वर आला.

"ही माहेरची दिसतीया," बाई म्हणाल्या. "गुणाची हाय."

वाळू घातली तेव्हा पाणी दोन दिवस गढूळ राहिलं. तिसऱ्या दिवशी निवळलं, आणि टाकीचा तळ नाहीसा झाल्यासारखा वाटला. काळोख, त्यावर दगड. मग पुन्हा थांबणं. रोज एक नळी, एक आकडा, वहीत नोंद. आकडे बसले तेव्हा मालक स्वतः आले आणि दोन नारंगी मासे सोडून गेले, अंगावर पांढरे पट्टे असलेले. त्यानंतर एक झिंगा, लाल, पाठीवर पांढरी रेघ. मग पोवळी; एवढीशी, शर्टाच्या बटणासारखी, दगडाच्या तुकड्यावर चिकटवलेली.

हे आता समोर बघून बघत नाहीत. मान थोडी वळवतात, नजर भिंतीकडे ठेवतात आणि डोळ्याच्या कडेने बघतात. नवीन माणसाला वाटतं यांचं लक्ष नाही. मासे सोडले त्या सकाळी हे असेच बसले होते. मी मुद्दाम स्वयंपाकघरात राहिले. उगाच विचारून 'छान आहे' ऐकायचं नव्हतं. बऱ्याच वेळाने हाक आली.

"अगं, धाकट्याच्या शेपटीजवळचा पट्टा अर्धाच आहे. तुटलाय का तो?"

मी येऊन बघितलं. पट्टा अर्धाच होता. जन्मजात तसा असतो कधीकधी, मालकांनी नंतर सांगितलं. मी मात्र तो पाहिला नव्हता. मी पाण्याचं तापमान आणि मासे दोन आहेत ना एवढंच पाहिलं होतं.

आता मालकांनी सांगितलेला दोष रोज समोर येतो. काळ्यावर प्रत्येक पांढरा कण दिसतो. तो ह्यांना दिसतो, म्हणून ते काम ह्यांनी घेतलं. बारीक नळीने ओढून काढतात, दर सकाळी, चहाच्या आधी. माझी घाण काढायची यादी होती, ती मी फाडली. गेल्या तपासणीत मिरजेच्या डॉक्टरांनी डाव्या डोळ्याचं आणखी थोडं गेलंय असं सांगितलं. हे म्हणाले, "मला कळलंय ते. खालचा दगड आता पुसट दिसतो. मासे दिसतात." डॉक्टरांनी ते तसंच लिहून घेतलं. मला त्यांचं तेही आवडलं.

परवा दीर आले होते. द्राक्षाची औषधं घ्यायला सांगलीत आले होते, आणि या वेळी पिशवी दाराबाहेर ठेवून, हात साबणाने धुऊन मग आत आले. फोनवर बोलत असायचे, पण त्या संध्याकाळच्या एसटीनंतर घरी पहिल्यांदाच. टाकीपासून जरा लांबच उभे राहिले.

"बस की जवळ," हे म्हणाले.

"नगं. माझ्या अंगाला तांबं असलं तर?"

"काचंतनं जात न्हाई ते. बस."

बसले. थोडा वेळ बघितलं. मग यांच्याकडे बघितलं. "दादा, तुला दिसतंय व्हय? तू तर भिताडाकडं बघतुयास."

"मी असाच बघतो. झिंग्यानं कात टाकलीया, दिसली का?"

"झिंगा बी कात टाकतो?"

"सापावाणी. आख्खी. डाव्या दगडाच्या पायथ्याला बघ. झिंगाच पडलाय असं वाटंल, पर आत काय न्हाई."

दीर वाकले. चष्मा काढला, पुसला, घातला. "कुठं? मला तर काय दिसंना."

"काळ्यावर पांढरं हाय रं. तुझं डोळं चांगलं हायत न्हवं?"

"चांगलं हायत, पर तू म्हनतोस ते दिसंना."

ह्यांनी भावाचं बोट धरलं आणि काचेवर नेऊन टेकवलं. "हितं. आता खाली ये. जरा उजवीकडं."

"हां! आयला, मिशा बी हायत की तिला!" दीर जवळजवळ ओरडले. "आन् मग खरा झिंगा?"

"वरच्या दगडाच्या कपारीत. अंग नरम असतंय तवर बाहेर येत न्हाई. मिशीचं टोक तेवढं बाहेर हाय, बघ."

मी चहाचा ट्रे घेऊन मागे उभी होते. दोघांची डोकी एकाला एक लागलेली. मीही वाकून बघितलं. कात सापडली, पण कपारीतलं मिशीचं टोक काही सापडेना.

"वैनी, तुमाला दिसली का मिशी?" दिरांनी विचारलं.

"नाही हो," मी म्हटलं, ट्रे खाली ठेवला आणि ह्यांच्या शेजारी बसून बोट पुढे केलं. "अहो, मला पण दाखवा."